फुंकरीची परीक्षा

निघण्याआधी

बीडला जाते म्हटल्यावर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "तिकडची माणसं आपल्याकडे येतात, आपण कशाला जायचं तिकडे?" वहिनींच्या मनात वाईट काही नव्हतं. आम्ही सांगलीकडची माणसं. बीड म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर दिवाळीच्या आगेमागेचे दिवस येतात. उसाच्या फडाच्या कडेला तोडणाऱ्यांच्या खोप्या उठतात, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लागतात, आणि आठवडी बाजारात कुणी "लई महाग लावायलात" म्हणालं की भाजीवाली ओळखते, आले बीडवाले. उन्हाळा तोंडावर आला की ती माणसं निघून जातात. कुठे जातात हे बघायला आमच्या गल्लीतलं कुणी कधी गेलं नव्हतं. मी गेले, आणि तोंड कडू करून आले. त्या कडू तोंडानंच हे लिहायला बसले आहे, तेव्हा सौताड्याचा धबधबा कसा कोसळतो वगैरे वाचायला मिळेल अशी आशा धरू नका. मी तो पाहिलासुद्धा नाही.

जायचं कारण सांगते. मी जन्मभर कॉलेजात ध्वनिशास्त्र शिकवलं. म्हणजे माणूस तोंडातून आवाज कसा काढतो, जीभ कुठे लावतो, वारा कधी सोडतो, असले लोकांना न लागणारे उद्योग. निवृत्त झाल्यावर पुण्याच्या एका कंपनीचा फोन आला. ते शेतकऱ्यांसाठी फोनवरून सल्ला द्यायची सोय करणार होते. कापसावर अळी पडली, काय फवारू? सोयाबीन आज विकू की थांबू? असं कुणी विचारलं की पलीकडून माणसानं उत्तर द्यायचं. त्यासाठी बीडमधून मुलं-मुली निवडायची होती आणि त्यांचे उच्चार तपासायला कुणीतरी जाणतं हवं होतं. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी आपल्या विद्येचं कुणाला काही काम पडलं, असं वाटलं. हसा खुशाल.

त्यांना मुख्य तपासायचे होते महाप्राण. तळहात तोंडासमोर धरा आणि 'क' म्हणा. आता 'ख' म्हणा. दुसऱ्या वेळी हाताला जो वारा लागला, तोच महाप्राण. एवढीशी गोष्ट, पण जगात यावरून माणसं एकमेकांना किती हसतात म्हणून सांगू! हॉस्टेलात माझी एक तमिळ मैत्रीण होती. तिच्या लिपीत क, ख, ग, घ या सगळ्यांना मिळून एकच अक्षर. ती 'खाना'ला 'काना' म्हणायची आणि आम्ही खिदळायचो. पुढे एक कोरियन विद्यार्थिनी आली. तिच्याकडे तीन तऱ्हेचे 'क' होते, ते वर्षभर ऐकूनही मला धड वेगळे काढता आले नाहीत, आणि ती बिचारी एकदाही हसली नाही. इंग्रज माणूस 'पिन' म्हणताना चांगली फुंकर मारतो आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. आपण ती मारत नाही, म्हणून आपली 'पिन' त्याला 'बिन' ऐकू येते. ज्याला त्याला आपला वारा बरोबर वाटतो आणि दुसऱ्याचा चुकलेला.

बीड

बीडच्या स्टँडवर उतरले ती नवरात्राची तिसरी माळ होती. ऊन असं की ऑक्टोबर आहे की मे, कळू नये. रिक्षावाले चाचा दाढीवाले, वयानं माझ्याएवढेच. "बैटो बाजी," म्हणजे बसा ताई, म्हणाले, "इदर से नै जाते, उदर पूरा रस्ता खोद के रके." मी कान टवकारले. इधरचा 'इदर', उधरचा 'उदर', मुझेचा 'मुजे'. दखनी बोलणाऱ्यांनी हे महाप्राण कधीच सोडून दिलेत आणि कुणाचं काही अडलेलं नाही. चाचांनी मला कंकालेश्वराचं तळ्यातलं देऊळ लांबून दाखवलं, हट्टानं अर्धा-अर्धा चहा पाजला आणि पैसे मात्र रिक्षाचेच घेतले. आमच्याकडे रिक्षावाला सुट्ट्या पैशांवरून भांडतो. हा माणूस जन्मभर 'देको' म्हणत शहर दाखवत आला, त्याला कुणी मेणबत्तीसमोर उभं केलं नाही, हे त्याचं नशीब.

मेणबत्तीची गोष्ट आता सांगते.

निवड एका कोचिंग क्लासात होती. त्या गल्लीत क्लासच क्लास. पोलीस भरती, तलाठी भरती, इंग्रजी बोला, न घाबरता बोला. आमचे क्लासवाले सर उत्साही गृहस्थ, गळ्यात टाय, कपाळाला अष्टगंध. कंपनीनं निखिल नावाचा एक तरुण साहेब पाठवला होता, गोरागोमटा आणि सारखा फोनवर. मी बरोबर कागदाच्या पातळ पट्ट्या नेल्या होत्या. तोंडासमोर पट्टी धरायची, 'ख' म्हटलं की हलते, 'क' म्हटलं की हलत नाही, काम झालं. पण सरांना ते मिळमिळीत वाटलं. "मॅडम, कागद कशाला? आमी पोरांना मेणबत्तीवर तयार केलंय. ज्योत हलली की पास." निखिलचे डोळे चमकले. "व्हिडिओत भारी दिसेल," म्हणाला. मी म्हटलं, अहो, हा नाटकीपणा आहे. पण ज्याच्या हाती ससा तो पारधी. पंखे बंद केले, दारं लोटली, सरांनी सरस्वतीच्या फोटोपुढच्या समईवरून एक जाड मेणबत्ती पेटवली आणि त्याच टेबलावर ठेवली. मी घामानं भिजत कोपऱ्यात बसले.

एकेकाला आत बोलवत होते. सरांचे विद्यार्थी महिनोन् महिने हेच करत आलेले. 'खडा' म्हणताना असे फुंकत की मेण उडून माझ्या साडीवर आलं. एकानं तर 'कडा' म्हणतानाही ज्योत आडवी केली, तेव्हा निखिलनं टाळी वाजवली. मी म्हटलं, अरे, 'क'ला हलली तर तो चुकला! निखिल म्हणाला, "एनर्जी आहे, मॅडम." नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं सगळं चाललं होतं.

शेवटी कोमल आली. पाटोद्याकडच्या एका खेड्यातली, पाटोद्याला बी.ए. झालेली. या क्लासची नव्हती, मोबाईलवर जाहिरात वाचून वडिलांना घेऊन थेट आलेली. तिला आधी बोंडअळीवरचा मजकूर वाचायला दिला. वाचू लागली आणि मी सरसावून बसले. शेजारी बांधावर बसून समजावून सांगावं असा आवाज. घाई नाही, तोरा नाही. 'फवारणी', 'थांबून', 'खोड', सगळं जिथल्या तिथं, स्वच्छ. मग सरांनी विझलेली मेणबत्ती तिच्यादेखत पुन्हा समईवरून पेटवली आणि तिला समोर उभं केलं. "बोल, खडा," निखिल म्हणाला. ती बोलली. ज्योत हलली नाही. ठसा, थवा, फळ. ती एकेक शब्द जपून, दम धरून बोलत होती, दरवेळी तिचा हात नकळत ओठांपाशी येत होता, आणि ज्योत सरळ उभी. निखिलनं इंग्रजीत काहीतरी टिपलं आणि "थँक यू" म्हणाला. ती मात्र हसली. मान खाली घालून, पण चांगलं गालभर हसली. मला त्या हसण्याचा अर्थ लागला नाही.

"अरे, वाचताना तिचे महाप्राण उत्तम होते," मी म्हटलं.

"वाचताना कोण मोजतं, मॅडम? ज्योत हललीच नाही."

तेवढ्यात खाली रस्त्यावर ती वडिलांना हाक मारताना ऐकू आली. ते भलत्याच जीपकडे निघाले होते. "आप्पा, थांबाऽऽ! ती गाडी आपली न्हाई!" त्या 'थ'नं मेणबत्तीच काय, पलीकडच्या वडापाववाल्याची शेगडीही विझली असती. मी निखिलकडे पाहिलं. तो फोनवर होता. सरांना म्हटलं, उद्या मी हिच्या गावाला जाणार. सर म्हणाले, "कावून जायलात, मॅडम? एक पोरगी राह्यली तर राह्यली. शंभर येत्यात." मी म्हटलं, मला कोडं पडलंय आणि कोडं पडलं की माझं अन्न पचत नाही.

पाटोद्याच्या वाटेवर

काळ्या-पिवळ्या जीपमध्ये मी ड्रायव्हर आणि एका आजोबांच्या मधे दुमडून बसले होते. बालाघाटचे डोंगर उघडे, दगडी, पण बांधाबांधावर सीताफळाची झाडं. वाटेत बायका पाट्या घेऊन बसलेल्या. डोळे उघडलेलं सीताफळ हातावर फोडून देतात आणि "खाऊन बघा, मग घ्या" म्हणतात. असली गोडी मी आजवर खाल्लेली नाही. बी गिळली गेली आणि ठसका लागला, तेव्हा आजोबांनी पाठीत असा गुद्दा घातला की डोळ्यांत पाणी आलं. शेतात बाजरी निघून गेलेली, तूर हिरवी, सोयाबीनच्या मळणीचा धुरळा. आमच्याकडे कालवा आहे, कालव्याला ऊस आहे. इथे पाणी नाही. ऊस आमचा आणि तो तोडणारे हात यांचे, हे नीट कळायला मला साठी ओलांडावी लागली. आजोबा म्हणाले, दसरा झाला की हे गाव निम्मं रिकामं. "म्हातारे अन् कुत्री ऱ्हातेत." आणि हसले.

गावाचं नाव मी लिहीत नाही. कोमलला उगाच कुणाचा बोल नको.

मी दारात उभी राहिले आणि घरात एकच धांदल उडाली. आप्पांनी टोपी झटकून डोक्यावर घातली. कोमलच्या आईनं, तिला सगळे माय म्हणतात, माझ्या पायांवर पाणी घातलं. "या, या, मॅडम आल्या," म्हणत चार बायका जमल्या. मला काही समजेना. एवढा मान मला सांगलीत माझ्या निरोप समारंभालाही मिळाला नव्हता. माय म्हणाली, "पोरीला पास केलंत, लई उपकार झाले, बाई." कोमल चुलीपाशी उभी, कालचंच गालभर हसू.

वेळ काढायला म्हणून म्हटलं, आधी देवीला नमस्कार करते. कोपऱ्यात घट बसलेला, काळ्या मातीत धानाचे कोंब नुकते वर आलेले, वर झेंडूच्या माळा, शेजारी नऊ दिवसांचा अखंड दिवा. कोमल त्याला तेल घालायला वाकली ती श्वास रोखून. मी दोन उदबत्त्या घेतल्या, मेणकाडीनं पेटवल्या आणि सवयीनं तोंडानं फुंकायला गेले.

मायनं माझं मनगट धरलं. "आवं बाई! फुकू नका!"

माय माझ्या हातातून उदबत्त्या घेऊन नुसत्या हवेत हलवून विझवत होती. "देवाच्या जाळाला तोंडाची फुकर लावत न्हाईत, बाई. उष्टी असती. दिवा शांत करायचा तर फुलानं करावा. अन् ह्यो तर नऊ दिस ऱ्हायला पायजे." चिडली नव्हती. मला समजावत होती, लहान पोराला समजावतात तसं. आमच्याही आजीची ही शिस्त होती. मग घरात वाढदिवसाचे केक आले, पोरं मेणबत्त्या फुंकू लागली आणि आम्ही टाळ्या पिटू लागलो. कधी गेलं, कळलंसुद्धा नाही.

मी कोमलकडे वळले. "काल मेणबत्तीसमोर तू दम का धरत होतीस गं?"

"समईवरनं लावली व्हती ना, मॅडम," ती म्हणाली. "सरस्वतीम्होरची. मी घरी दिवा राखायले अन् तिथं जाऊन कशी फुकू? सायब म्हनले, जवळ उभं ऱ्हाऊन बोल. मला वाटलं, दिवा न हलवता बोलायचं, हीच परीक्षा हाय. लई अवघड गेलं. 'फळ' म्हनताना तर जीव गेला. पर न्हाई हलला." आणि ती पुन्हा हसली. "एकदाबी न्हाई हलला."

मी तशीच जमिनीवर बसले. अर्धं बीड तालीम करून आलं होतं आणि हिला कुणी एवढं सांगायची तसदी घेतली नव्हती, की बाई गं, ज्योत हलवायची आहे. सर बोलले नाहीत, निखिल बोलला नाही आणि कोपऱ्यातली विदुषीही बोलली नाही. हिनं सगळ्यांहून अवघड परीक्षा दिली होती. 'ख' म्हणायचा आणि वारा अडवायचा, हे मला अजूनही जमत नाही. घरी येऊन करून बघितलं.

मी खरं ते सांगून टाकलं. मग आप्पा बोलले, हळू, जणू माझीच समजूत काढत. कोमलला स्थळ आलं होतं. मुलगा ऊसतोडीला जाणारा. तोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकट्या गड्याला मुकादम धरत नाही, म्हणून दसऱ्यालाच लग्न उरकायची त्या घरची घाई. "नोकरी लागली तर औंदा न्हाई, असं मी बोललो व्हतो पोरीला. काल सांजच्याला त्यास्नी न्हाई म्हनून सांगावा धाडला. आता..."

मला एवढा संताप आला की काय सांगू. तिथूनच निखिलला फोन लावला. म्हटलं, पुन्हा परीक्षा घे, आत्ता, फोनवर, कागदाच्या पट्टीवर. तो म्हणाला, कागद नाही. "सगळ्यांना मेणबत्ती, तर हिलाही मेणबत्ती. फेअर पाहिजे ना, मॅडम." व्हिडिओ लावतो म्हणाला. दुकानातून मेणबत्ती आणली. घटापासून लांब, ओसरीवर, पाटावर लावली. मी म्हटलं, कोमल, ही काही देवाची नाही, दुकानातली आहे. ती म्हणाली, "जाळ तर जाळच की, मॅडम." मग तिनं मायकडे पाहिलं. माय भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन उठली आणि परसात निघून गेली, लेकीकडे पाठ करून. आप्पांनी टोपी काढून हातात घेतली.

"खडा," कोमल म्हणाली, आणि मेणबत्ती विझली.

आप्पांनी काडी ओढून पुन्हा लावली. "ठसा." विझली. "थवा." विझली. "फळ." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र एकदाही कापला नाही. निखिल म्हणाला, "ओके मॅडम, नोटेड." व्हिडिओ बंद.

जेवण झालं. बाजरीची भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा, वर शेंगदाण्याची चटणी. कोमलचा उपास, ती वाढत होती. एरवी मी या ठेच्यावर चार ओळी लिहिल्या असत्या. मायनं आग्रह करकरून वाढलं, पण लेकीशी एक शब्द बोलली नाही.

पुन्हा बीड

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासात गेले. निखिल बॅग भरत होता. कोमल नाही म्हणाला.

"का? ज्योत तर विझली."

"हो, ते ठीक आहे. पण मी रेकॉर्डिंग परत ऐकलं. मॅडम, ती मधे बोलताना 'आमी' म्हणते, 'तुमी' म्हणते. आम्ही, तुम्ही नाही. स्टँडर्ड नाही ना."

"अरे, फोन कोण करणार आहे तुला? आमी-तुमी म्हणणारी माणसंच करणार आहेत ना?"

"कॉलर काहीही बोलू दे. आपण कसं बोलतो ते महत्त्वाचं."

माझा पारा चढला. म्हटलं, "भूक म्हण." म्हणाला. "हिंदीत काय?" "भूख." "हात? हाथ. भीक? भीख. मग त्या शेवटच्या 'ख'चं, 'थ'चं काय झालं? तुझ्या पुण्यानं गिळले, माझ्या सांगलीनं गिळले. आपण गिळले की ती प्रमाण मराठी, आणि तिनं एक गिळला की गावंढळ, होय रे? आणि तू 'कस्टमर केअर' म्हणतोस त्यात फुंकर आहे का एक तरी? लंडनच्या माणसापुढे तुझी मेणबत्ती ढिम्म हलायची नाही. तिथे तुला कुणी हाकललं?"

निखिल लाल झाला. मुलगा वाईट नव्हता, तेच तर वाईट. "पॉइंट बरोबर आहे, मॅडम," म्हणाला, "पण नावं काल संध्याकाळीच वर गेली."

काल संध्याकाळी. म्हणजे दुपारी त्यानं मेणबत्ती बघितली, संध्याकाळी नावं पाठवली आणि रेकॉर्डिंगचं निमित्त नंतर शोधलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. सर मधे पडले, "जाऊ द्या मॅडम, चहा घ्या." मी त्यांचा चहा घेतला नाही. मानधनाचं पाकीट टेबलावर ठेवून आले. त्यानं कुणाचं भलं झालं, ते मात्र विचारू नका.

स्टँडवरून कोमलला फोन लावला. सांगितलं.

"पर मॅडम," ती म्हणाली, "विझली व्हती ना?"

"विझली होती, बाळा."

"सगळ्या येळा?"

"सगळ्या वेळा."

"मायला सांगते," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

पुणे

परतीच्या वाटेवर पुण्याला उतरले, ती त्या कंपनीच्या मोठ्या साहेबांशी भांडायला. मोठे साहेब मीटिंगमध्ये. मला काचेच्या एका खोलीत बसवलं. तिथे बीडहून निवडलेली मुलं बसायची होती, त्यांच्यासाठी खुर्च्या मांडलेल्या, प्रत्येक खुर्चीवर कानाला लावायचं यंत्र आणि त्याला पुढे आलेला माइक. प्रत्येक माइकवर काळ्या स्पंजाची टोपी. तिथे वायरी जोडत असलेल्या तरुणाला मी विचारलं, हे कशासाठी?

"वारा अडवायला," तो म्हणाला. "ख, फ, थ म्हणताना तोंडाची हवा माइकवर आदळते ना, फटफट आवाज येतो. कस्टमरला त्रास होतो. स्पंज लावला की हवा अडते, नुसता आवाज जातो."

कोमलला जे जमत होतं, तोंडातून वारा न सोडता स्वच्छ बोलणं, त्यासाठी यांनी स्पंज आणले होते. मोठे साहेब आले तेव्हा मी उठून गेले होते.

घरी

हे प्रवासवर्णन बीडहून परत आल्यावर संपायला हवं होतं. संपलं नाही.

थंडीत एक दिवस भावाच्या मळ्यावर गेले होते. त्याच्या उसाला तोड लागली होती. बांधावर खोप्या, खोप्यांपुढे चुली, दोरीवर लुगडी. फडात कोयत्यांचा सपसप आवाज. ट्रॅक्टरवाला गाडी मागे घेत होता आणि मोळीवाली एक बाई त्याला ओरडली, "थांबाऽऽ! माणूस हाय मागं!" ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. माझेही पाय थांबले. तो 'थ' मी ओळखला.

डोक्यावर मोळी, हाताला चिंध्या बांधलेल्या, गळ्यात नवं मंगळसूत्र. मोळी ट्रॉलीत टाकून ती खाली उतरली, मला बघितलं आणि पदरानं तोंड पुसत पुढे आली. जन्मभर आवाजाचं शास्त्र शिकवलेली मी, माझ्या तोंडून 'कोमल' एवढंच निघालं.

"मॅडम! तुमचं गाव हेच?" तिनं विचारलं. हसली, तेच गालभर. मग आपल्या खोपीकडे हात केला. दारात, विटेच्या आडोशाला, दिवसाढवळ्या एक पणती तेवत होती. "वारा लई हाय तुमच्याकडं," ती म्हणाली. "राखावी लागती." आणि मोळीसाठी पुन्हा फडाकडे वळता वळता म्हणाली, "तवा तुमी आमच्याकडं आलत्या, मॅडम. आता आमी आलाव."